सात कोंबड्यांचा पंचनामा

कोल्हा असता तर एकच गेली असती.
कोल्हा संसारी. हवी तेवढी उचलतो, पिलांच्या तोंडी लावतो,
पुन्हा भूक लागेपर्यंत फिरकत नाही.
कुत्रा घरी जेवून आलेला असतो.
तो खेळतो, आणि खेळ संपला की
खेळणी तिथंच टाकून जातो.

सात मोजल्या. दोन खुराड्याच्या दारात,
चार कुंपणाकडेला, पळता पळता राहिलेल्या,
आणि ओपल, तिचं नंतर सांगते.
आठवीचा पत्ता नव्हता.

दुपारी वेंडेल ओट्स आला, काउंटीचा डॉग वॉर्डन,
बूट पायरीवर घासून, क्लिपबोर्ड काखेत.
फोटो काढले. जाळीत बोट घातलं, ती फाटली.
म्हणाला, अर्डिथ, ही जाळी कोंबड्यांना आत ठेवते,
कुत्र्याला बाहेर ठेवत नाही.
हे सगळे नंतरच सांगतात.

मग पंचनामा.
जात? बार्ड रॉक तीन, ऑर्पिंग्टन चार.
वय? दोन वर्षं. ओपल सहा.
अंडी देत होत्या? ओपल सोडून.
ओपल काय करायची?
माझ्या मागे मागे हिंडायची.
त्याचं पेन थांबलं. या कामाला रकाना नव्हता.
त्यानं शून्य लिहिलं, खोडलं,
मग बाकीच्यांचीच किंमत तिलाही लावली.
माणूस वाईट नाही.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो म्हणाला.
मालकाला भरपाई द्यावी लागेल.
आणि पाठलाग करताना, मारताना दिसला असता
तर गोळीही घालता आली असती.
पण त्याच वेळी. करता करता.
तोंड फिरवून रस्त्याला लागला
की तो परत डेलमरचा कुत्रा.

हे मला माहीत होतं.
त्याला माहीत नव्हतं ते हे, की मी तिथंच होते.
भावाची रायफल खांद्याला, सेफ्टी काढलेली,
अंतर वीस पावलं, मागे नुसती टेकडी.
ओपल त्याच्या तोंडात, एक पाय अजून हलता.
कायदा सताड उघडा होता,
आणि वॅफलनं मला बघितलं.

शेपूट हलली. धावत आला,
ओपल माझ्या गमबुटापाशी ठेवली, हळूच,
हरवलेली वस्तू आणून द्यावी तशी,
आणि बसला. बिस्किटासाठी.

दोन हिवाळे, मंगळवार, गुरुवार, शनिवार,
डेलमर डायलिसिसला मॅरिएटाला जायचा,
आणि वॅफल इथं, या पायरीवर.
मीच हाक मारायची, मीच बिस्किट द्यायची.
या अंगणाची वाट त्याला
दुसऱ्या कुणी दाखवली नाही.
वेंडेलनं विचारलं, आणखी काही?
म्हटलं, नाही. सही कुठं करू?

रविवारी डेलमर आला, खिशात चेक,
सुया टोचून फुगलेला हात छातीशी,
दुसऱ्या हातात पहार.
चर खणला. जाड जाळी हातभर बाहेर वळवून पुरली,
उकरणाऱ्या पंजाला आधी तीच लागावी म्हणून.
तो जमेल तेवढं खणायचा, मग बसायचा, मग मी.
बोललो ते फक्त दगडांबद्दल.
वॅफल पिकअपला बांधलेला, साखळी नवी,
दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.
मी तिकडे बघितलं नाही.
खिशात बिस्किट होतं, सवयीनं घेतलेलं.
ते दुपारभर खिशातच चुरत राहिलं.

आठवी त्याच संध्याकाळी दिसली,
सफरचंदाच्या झाडावर, अगदी शेंड्याला,
कोंबडी एवढी चढते हे मला ठाऊक नव्हतं.
दाणे दाखवले. नवं दार दाखवलं,
उघडून, लावून, परत उघडून.
उतरली नाही.
पंचनाम्यात तिचं नाव नाही.
वरून सगळं तिनं बघितलंय,
आणि अजून बघते आहे
ती माझ्याकडेच.